शेवंतामावशीची हळू नाडी

शेवंतामावशीचं काम गेलं ते गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या ओसरीत. त्याच वेळी गावातली पोरं मारबतीचा पुतळा वेशीबाहेर नेत ओरडत होती, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" रोगराई गेली की नाही ठाऊक नाही. शाळेची स्वयंपाकीण मात्र गेली.

आजार काही नव्हता. स्वयंपाकिणींच्या आरोग्य तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. नाडी पन्नासच्या आत, छापील तक्त्यात साठ ते शंभर. साहेब म्हणाले, "नॉर्मल नहीं है. अनफिट."

"माही नाडी लहानपणापासून हळूच हाय, साहेब. ना चक्कर, ना दम," मावशी म्हणाली. "चालते हळू, पर थांबली कदी?"

बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या आमच्या गावात तिच्या हातचा भात न खाल्लेलं पोर नाही. मीही त्यातलीच. पाण्याने भरलेली हंड्याएवढी गुंडी ती एकटी उचलायची आणि ताटात टाकणाऱ्याला दटावायची, "काहून रे, भाताले काटे हायेत का?"

बालाघाटला नेऊन मी तिचा ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत. साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी तो कागद उघडलासुद्धा नाही. तक्त्यावर केवढी ही भक्ती!

मग मी त्यांच्यादेखत शाळेसमोर खडूने रेघा आखल्या. गावातल्या बायकांच्या नाड्या मोजल्या आणि सारख्या नाडीच्या बायका एकेका रेघेवर, एकीमागे एक उभ्या केल्या. मधल्या रांगा फाटकापर्यंत गेल्या, कडेच्या आखूड होत गेल्या. जशी धानाची रास: मध्ये उंच, दोन्हीकडे उतरती. पार टोकाच्या रेघेवर मावशी.

"मले एकटीले काहून उभी केली वो? मी का मारबत आहो?"

"मावशी, तू राशीचा काठ आहेस."

"मंग काठावरला दाना धान नसते का?"

बायका हसल्या. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. असे तक्ते बहुसंख्य निरोगी माणसं त्यात बसतील असे बांधतात. थोडी निरोगी माणसं त्याबाहेर राहणारच. बाहेरचा आकडा दिसला की माणूस नीट तपासायचा असतो, हाकलायचा नसतो. एवढंही ज्याला कळत नाही, त्याच्या हातात लोकांची मनगटं कशाला देता?

आज मावशी दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाते. गावकऱ्यांनो, तिनं तुम्हाला भरवलं, तुमच्या पोरांना भरवलं. येत्या ग्रामसभेत माना खाली घालून बसू नका. हात वर करा आणि तिला तिच्या चुलीवर परत आणा.