नर तेवढे ठेवा

“मशीन कुठं हाय ते दाखवा,” सुमनताई म्हणाल्या.

मी चकलांब्याच्या एका शेततळ्याच्या काठावर बसले होते. हातात रबरी मोजे, पुढ्यात पाण्याचं घमेलं, घमेल्यात गुंगी आलेला मासा. सुमनताई गावच्या आशा वर्कर. त्यांच्या मागं पाच-सहा बाया आणि पोलीसपाटील. मला वाटलं, मासे बघायला आलेत. मी हौसेनं सांगितलं की नर-मादी ओळखायला मशीन लागत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतं. त्यावर बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

मी माशांवर संशोधन करते. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हा माझा विषय. ही बया तळ्यात भराभर पिल्लं घालते. गर्दी झाली की खाद्य पुरत नाही, पाण्यातला ऑक्सिजन कमी पडतो, पाणी नासतं आणि मासा बोटाएवढाच राहतो. म्हणून तळ्यात फक्त नर सोडतात. नर झपाट्यानं वाढतो. अशा बीजाला ‘मोनोसेक्स’ म्हणतात. पण बीज विकणाऱ्या हॅचरीवाल्यानं कितीही छातीठोक सांगितलं तरी त्यात थोड्या माद्या निघतातच. आमच्या ट्रायलच्या तळ्यातही निघाल्या. काठाला बारीक पिल्लं दिसायला लागली. आता एकेक मासा हातात घेऊन तपासला नाही तर माझी ट्रायल गेली, आणि तळ्याचे मालक भाऊसाहेब यांचा हंगाम गेला.

म्हणून त्या सकाळी गेवराईहून काळ्या-पिवळ्या जीपनं निघाले आणि वाटेत भाऊसाहेबांना फोन लावला. माझा आवाज मूळचाच मोठा. केजला आमच्या घरात भावंडं इतकी, की हळू बोलणाऱ्याच्या ताटात भाजी पडत नसे. त्यात जीपचा खडखडाट. मी ओरडून सांगत होते, “नर तेवढे ठेवायचे. मादी निघाली की काढून टाकायची, उगाच कीव करायची नाही. कालपासून उपाशी ठेवलंय ना? भुलीचं औषध मी आणलंय. आणि गावात बोलू नका, गर्दी होते.”

मासा हाताळण्याआधी त्याला उपाशी ठेवतात आणि थोडी गुंगी देतात, म्हणजे तो दमत नाही. हे मला माहीत होतं. जीपला माहीत नव्हतं. ‘मासा’ हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता.

शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांनी मोठ्या अदबीनं माझा नंबर मागितला. मी खूश. म्हटलं, यांनाही तळं करायचं असणार. दिला. समोरच्या सीटवर सुमनताई होत्या. त्या माझ्यामागोमाग उतरल्या.

तर आता सोनोग्राफीच्या मशीनसाठी झडती सुरू झाली. भाऊसाहेबांच्या पत्र्याच्या खोलीत वजनकाटा, टॉवेल, निळी शाई आणि एक बाटली सापडली. पाटलांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला.

“ही भूल?”

“हो.”

“हे तर लवंगाचं तेल हाय. दाढंला लावतेत.”

मी म्हटलं, माशाला तेवढ्यानंच गुंगी येते. पण सुमनताईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. “कावून करता मॅडम असलं? शिकलेल्या बाया तुमी.”

“ताई, मी माशांचं करते,” मी म्हटलं.

कुणाचाच विश्वास बसेना. मग मी घमेल्यातला मासा उताणा धरला. शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली बारीक उंचवटा असतो. त्यावर शाईचं बोट फिरवलं की छिद्रं उठून दिसतात. नराला दोन, मादीला तीन. पाटील वाकून मोजायला लागले. त्यांना एकदा दोन दिसली, एकदा चार. शेवटी ते म्हणाले की चष्मा घरी राहिलाय. एक बाई फिसकन हसली आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. माझ्या जिवात जीव आला.

सुमनताई तेवढ्या हसल्या नाहीत. मादीनं काय घोडं मारलंय, हे त्यांना कळायला हवं होतं. मी सांगितलं की चिलापीची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत धड खात नाही, म्हणून तिची वाढ खुंटते.

“म्हंजी उपाशी राहून लेकरं ती सांभाळती, अन् काढून बी तिलाच टाकायचं,” सुमनताई म्हणाल्या. “आता माशातबी?”

मी हातातला मासा परत घमेल्यात सोडला. तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे हात ओले, म्हणून जाळं सोडून तळ्यातून वर आलेल्या भाऊसाहेबांनी फोन स्पीकरवर लावून माझ्यापुढं धरला.

“मॅडम, सकाळी जीपमधी नंबर घेतलता बगा. सुनंचं तपासायचं हाय. दोन पोरीच हायत पहिल्या. मादी असंल तर तुमी म्हणलाव तसं करू.”

हसणं जागच्या जागी थांबलं. सुमनताईंनी फोन हातात घेतला आणि साखरेसारख्या गोड आवाजात सांगितलं की मॅडम कामात आहेत, मी त्यांच्या हाताखालची. मग गाव विचारलं, सुनेचं नाव विचारलं, कितवा महिना ते विचारलं. गृहस्थांनी सगळं बिनदिक्कत सांगितलं.

“बरं,” सुमनताई म्हणाल्या. “मी आशा वर्कर हाय. पोलीसपाटील बी हितंच उभे हायत. उद्या येते सुनंला भेटाया. तिच्या पोटाला कुणी हात लावला तर तुमच्या दारातून उठणार न्हाई.”

फोन कट झाला.

त्या दिवशी तळं आम्ही सगळ्यांनी मिळून तपासलं. निघालेल्या माद्या बायांनी कालवणाला वाटून नेल्या, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ट्रायल वाचली. भाऊसाहेबांचे मासे पुढं चांगले वाढले.

मी मात्र त्या जीपचा विचार करत राहते. एकीनं मला पकडायला पाठलाग केला, एकानं नंबर घेतला. बाकीची सगळी खिडकीबाहेर बघत बसली होती. तेव्हापासून गाडीत कामाचं बोलायची वेळ आली तर मी पहिला शब्द ‘मासे’ असाच उच्चारते.

पुढं काही महिन्यांनी सुमनताईंचा फोन आला. त्या सुनेकडे सुमनताई आणि तिच्या गावची आशा, दोघी आळीपाळीनं जात राहिल्या होत्या. मी विचारलं, काय झालं?

“मादी निघाली मॅडम,” त्या म्हणाल्या. “ठेवलीय.”