गोळीतली मजा कुणी चोरली

मानवतचे ईश्वरआप्पा दुकानाचं कुलूप दहादा ओढून बघत आणि मग कुलूपवाल्यावरच संशय घेत. गुडघेदुखीपायी त्यांना सरकारी परवान्यावर मोजकी अफू मिळे. रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की दोन गुंजांची गोळी. ती घेतली की चेहरा खुलायचा. शहात्तर साली तो खुलेना.

"सून गोळी खुडायलीय," ते मला म्हणाले. मी दवाखान्यात कंपाउंडर. "लेकरू बघा तिचं, दिवसभर झोपतंय. बाया लेकरायला अफू चाटवितेत, मला ठावं हाय."

सोनाराच्या काट्यावर गोळी तोलली. बरोबर दोन गुंजा.

"मग कात मिसळला असंल!"

सुनेनं, महानंदानं, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन शपथ वाहिली. ही शपथ खोटी मानणारा लिंगायत मी तोवर पाहिला नव्हता. आप्पांनी ती मानली नाही. मुलगा बापापुढे मान वर करेना. दुसऱ्या दिवशी तिला लेकरासकट बोरीला माहेरी धाडलं. मला असा संताप आला म्हणता!

आठ दिवसांनी आप्पाच जांभया देत, नाक पुसत दवाखान्यात आले.

"डाक्टर, सून गेली. डबी माझ्या कंबरंला हाय. तरी मजा न्हाई. आता कोण चोरायलंय?"

डॉक्टर व्यंकटराव हसले नाहीत. "आप्पा, माणसाचा मेंदू अफूसारखं काहीतरी स्वतःच बनवतो. शास्त्रज्ञांना हे आत्ताच कळलंय. बाहेरून रोज आयती मिळाली की तो तिला सरावतो. रोज तिखट खाणाऱ्याला मिरची लागेनाशी होते ना, तसं. तेवढ्याच गोळीत सुख मिळत नाही, पण गोळी नसली की जीव तळमळतो. मजा जाते, ओढ राहते."

आप्पांनी डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. "हे सुनेनं पढवलंय का तुमाला?"

मग त्यांनी कंबरेची डबी काढून गोळ्या मोजल्या; एकही कमी नव्हती. डबी मिटून ते पुटपुटले, "मंजी पोरीची शपथ खरी व्हती." आणि डोळे पुसले.

ते स्वतः बोरीला गेले. महानंदा एका अटीवर आली: डबी तिच्याकडे राहील. डॉक्टरांनी तिला गोळी हळूहळू लहान करायला सांगितली.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो, तर आप्पा गोळी बोटांत फिरवून बघत होते.

"महानंदा, आज कमी हाय."

"व्हय मामंजी," ती चुलीपुढून म्हणाली, "आज चोरली."

आप्पांनी गोळी मुकाट्यानं गिळली.