लवू मेस्त्रीची पाण्याला न टेकणारी होडी

लवू मेस्त्रीला राग यायला कारण लागत नसे. कारण मागाहून शोधता येतं, असं त्याचं मत होतं. मुलुंडला गव्हाणपाड्यातल्या त्याच्या सोसायटीत दूधवाला त्याची घंटी वाजवून दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राही. बायका म्हणत, हा राग बापाकडून आला. बापाला ओळखणारे म्हणत, छे, म्हातारा अगदी गरीब होता, हा आईवर गेलाय. आणि आईला ओळखणारे गप्प बसत, कारण ती अजून गावी धडधाकट होती.

भांडुपच्या एका फौंड्रीत लवू पॅटर्नमेकर होता. धातूचा भाग ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा करावा लागतो आणि त्याभोवती वाळू ठोकून साचा घेतात. ते लाकडाचं काम लवूचं. त्याची बायको वनमाला. तिचा धाकटा भाऊ बाळा घाटकोपरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवी, आणि लवूशी थट्टा करायची हिंमत साऱ्या गोतावळ्यात त्या एकट्याला होती.

पंच्याऐंशी साली बाळाच्या दुकानात दुबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने खेळण्यातल्या विमानाचा रिमोट दुरुस्तीला टाकला आणि तो परत फिरकलाच नाही. रिमोटबरोबर एक विलायती मासिक होतं. त्यात एका शिडाच्या होडीचा फोटो होता. बाळाने तो लवूपुढे धरला.

"भावोजी, बघा. हिचं पोट पाण्याला लागतच नाही."

"मग फोटो खोटा असतलो."

"खरा आहे हो. खाली दोन पाय आहेत, पायांना पंख. शिडात वारा भरला, होडीने वेग घेतला, की पाणीच पंखांना वर उचलतं. विमानाला हवा उचलते तसं."

लवूने फोटो बराच वेळ पाहिला आणि त्याला राग आला. आपण मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलो, आज्याने होड्या बांधल्या, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी सांगू नये म्हणजे काय? "रिमोट तुझो, होडी माझी," तो म्हणाला. बाळाला नाही म्हणायला सवडच मिळाली नाही.

होडीचं पोट त्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं केलं, सावंतवाडीची खेळणी करतात तसं. हाताला घेतली तर तान्ह्या मुलाइतकी लांब, वजनाला त्याहून कितीतरी कमी. पाय आणि पंख सागवानाचे, घासून आरशासारखे. शीड वनमालाच्या नायलॉनच्या साडीचं, तिला न विचारता कापलेलं. त्यावरून जे झालं ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं.

पंखाची पहिली चाचणी सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत झाली. पंखाला दोरी बांधून तो या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायचा आणि वर येतो की खाली जातो ते बघायचं. सेक्रेटरीच्या चहाला व्हार्निशचा वास येऊ लागला, तेव्हा ते धापा टाकत वर आले.

"मेस्त्री, हे पिण्याचं पाणी आहे."

"म्हणून तर पंख धुऊन घातला," लवू म्हणाला, आणि टाकीत एवढं शेवाळ साठेपर्यंत कमिटी काय झोपली होती, असं उलट त्यांनाच झाडलं. टाकी धुतली गेली. झाकणाला कुलूपही लागलं.

मग रविवार पवई तलावावर जाऊ लागले. बाळा काठावर सुकाणू फिरवायला रिमोट घेऊन उभा राही. होडी वारा पकडी, सरसर धावे, पोट पाण्यातून सुटे, आणि लवू हात वर करतो न करतो तोच ती उजव्या कुशीवर कलंडून शीड भिजवी. दर खेपेला हेच. गळ टाकून बसलेले लोक मासे सोडून ही गंमत बघत. दसऱ्यानंतरच्या रविवारी लवूचा बांध फुटला.

"तुझो रिमोट भंगार आहे. सुकाणू आपोआप फिरता."

"भावोजी, वारा डावीकडून असो की उजवीकडून, ती पडते उजवीकडेच. रिमोटला एकच बाजू कशी आवडेल? तुमचा डावा पाय जास्त उचलतोय."

"माझा माप चुकत नाय. फौंड्रीत जाऊन विचार."

"फौंड्रीत तुमच्यासमोर बोलणार कोण? सगळे लेथ मशीनच्या मागे लपतात."

गळवाले हसले. लवूचे कान तापले आणि तो जे बोलू नये ते बोलला. "तुझ्या बापाने जन्मभर लोकांची घड्याळं बिघडवली. आता तू रेडिओ बिघडव."

बाळाचा चेहरा उतरला. त्याने रिमोटची एरियल खाली सारली. "चूक तुमची आहे, हे तुमच्या तोंडून ऐकेपर्यंत मी तुमच्या घराची पायरी चढणार नाही," म्हणाला, आणि रिमोट काखोटीला मारून निघून गेला.

घरी येऊन लवूने ही हकिकत वनमालाला लढाई जिंकल्याच्या थाटात सांगितली. बाळाचा बाप तो वनमालाचाही बाप, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. वनमाला ओरडली नाही. त्या दिवसापासून ती त्याला शेजाऱ्यासारखी 'मेस्त्री' म्हणू लागली, एवढंच. मेस्त्री, पानं घेतलीत. मेस्त्री, पंखा बंद करा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ती म्हणाली, "मला भाऊ एकच. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं नाही, तर तुमची होडी बंबात जाईल. सांगून ठेवते."

"जाऊ दे. पण चूक माझी नाय."

आणि हे सिद्ध करायलाच लवू दिवाळीच्या सुट्टीत घरी जुन्याबरहुकूम आणखी एक डावा पाय करायला बसला; त्यावरही होडी पडली, की दोष रिमोटचा. माप घ्यायला हाताशी आली ती घरातली साधी पट्टी. ती त्याने जुन्या डाव्या पायाला लावली. मग उजव्याला लावली. पुन्हा डाव्याला लावली. डावा पाय दोन मिलिमीटर लांब होता आणि त्याचा पंखही रुंद.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात वाढीव असते. तिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरहून जरासा लांब. उजवा पाय त्याने घरी केला होता. डावा फौंड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, सवयीची ती वाढीव पट्टी घेऊन. सागवान काही वितळत नाही आणि आकसतही नाही.

राग आला, पण कोणावर काढायचा? त्याने थैलीतली फौंड्रीची पट्टी भिंतीवर भिरकावली. पट्टी पोलादी, तिला काही झालं नाही. भिंतीचा पोपडा पडला.

वनमाला दारात आली. "कोणावर रागावलात, मेस्त्री?"

"पट्टीवर."

"तिने काय केलं?"

लवू करवतीने डावा पाय कापू लागला. कोणता पाय कापला जातोय ते वनमालाने नीट पाहून घेतलं.

"बाळाला सांगून या."

"मी नाय जाणार. येऊ दे त्याका."

"तो पायरी चढणार नाही."

"मग नको चढू दे."

"बरं," वनमाला म्हणाली. "मग मीच उतरते."

भाऊबीजेच्या सकाळी पवईच्या काठावर लोकांनी जे पाहिलं ते त्यांनी पुढे बरीच वर्षं सांगितलं. पुढे जरीची साडी नेसलेली वनमाला, हातात निरांजन, सुपारी, अक्षता आणि करंज्यांचं तबक. मागे होडी कवटाळून फुगलेला लवू. बाळा तिच्या निरोपाप्रमाणे रिमोट घेऊन आधीच उभा, पण तोंड तलावाकडे.

तिने चटई अंथरली, बाळाला बसवलं आणि काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. वारा भन्नाट सुटला होता.

"ताई, हा वारा होडीचा आहे," बाळा कुरकुरला. "तो आहे तोवर एकदा सोडून बघू दे."

लवूने होडी पाण्यावर ठेवली. तिने वारा पकडला. पोट पाण्यातून सुटलं. लवू सवयीने उजवीकडे झुकला, जणू ती त्याच्याच अंगावर कलंडणार होती. पण ती कलंडली नाही. दोन बारीक पायांवर उभी राहून ती तलावभर सुसाट निघाली, आणि पोटाखालून पलीकडचा काठ दिसू लागला. गळवाल्यांपैकी एकाची विडी हातातच विझली.

बाळाची नजर होडीवरून हलली नाही. "काय केलंत?"

"काय नाय," लवू म्हणाला. "वारा बरा आहे."

वनमालाने तबक उचललं. करंज्या पदराखाली घेतल्या. "ऊठ, बाळा. मला ओवाळायचं नाही. घरी नाही आणि इथेही नाही."

"आता काय झालं, ताई?"

"मेस्त्रींना विचार."

लवूने आधी तिच्याकडे पाहिलं, मग होडीकडे, मग गळवाल्यांकडे, जे आता उघडउघड कान टवकारून बसले होते. त्याला सगळ्यांचा एकदम राग आला, आणि त्या रागाच्या भरातच ते बाहेर पडलं.

"डावा पाय लांब होता. फौंड्रीच्या पट्टीने मापला मी. रिमोट बरा आहे तुझा. आणि तुझ्या बापाने लग्नात दिलेलं घड्याळ अजून मिनिटभर मागे पडलेलं नाय. झालं समाधान?"

"हळू बोल रे बाबा," एक गळवाला म्हणाला. "लागलेला मासा सुटला."

बाळा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. वनमाला पुन्हा चटईवर बसली. "असे उभे राहा," तिने लवूला सांगितलं. "वाऱ्याला पाठ करा." लवू शर्टाच्या दोन्ही बाजू ताणून आडोशासारखा उभा राहिला आणि तिने भावाला ओवाळलं. ओवाळून घेताना बाळाने हातातला रिमोट अलगद तबकात ठेवला.

"ही माझी ओवाळणी, ताई. आजपासून हा तुझा."

"तिचो कसो?" लवू ओरडला. "ती काय करतली त्याचा?"

"ते ती ठरवील. तुम्हाला होडी सोडायची असली, की तिच्याकडे मागायचा."

तेवढ्यात सुकाणू धरणारं कोणी नाही म्हटल्यावर होडी पलीकडच्या पाणवनस्पतींत शिरली आणि आडवी झाली. लवू पँट वर दुमडून चिखलात उतरला. गुडघाभर पाण्यातून त्याने मागे वळून विचारलं, "आणि येत्या रविवारी?"

वनमालाने बाळाच्या हातावर करंजी ठेवली.

"बघू," ती म्हणाली. "तुम्ही आठवडाभर कसे बोलता, त्यावर आहे."

लवूला इतका राग आला की त्याने पाण्यावर जोरात हात आपटला. ते पाणी त्याच्याच तोंडावर उडालं.