सात रिपोर्ट, एक साप

"बाई, एका आठवड्यात सात साप?" इंजिनीअर साहेबांनी मला ऑफिसात बोलावून सात उत्तरपत्रिका टेबलावर पत्त्यांसारख्या पसरल्या.

पहिली वाचली. कंट्रोल रूममध्ये साप शिरला, हेल्परने काठीने बाहेर काढला. दुसरीतही साप. तीच काठी. सातवीपर्यंत मला घाम फुटला, आणि खरं सांगते, पोटात हसूही उकळत होतं.

त्याचं असं झालं. नागपूरजवळच्या या वीजकेंद्रात उत्तरपत्रिका लिहिणारे हे सातजण हेल्पर. ऑपरेटर व्हायचं तर लॉगबुक इंग्रजीत लिहिता आलं पाहिजे. लॉगबुक म्हणजे शिफ्टची वही: काय चाललं, काय बंद पडलं. पुढचा माणूस ती वाचूनच यंत्राला हात लावतो. म्हणून परीक्षा. दर रविवारी हे लोक सायकली हाणत नागपुरात सदरला माझ्या इंग्रजीच्या क्लासला यायचे. मी तरी कुठली शिकलेली? डिक्शनरी मांडीवर घेऊन, जुने इंग्रजी पेपर पाठ करकरून शिकले. तसंच शिकवलं. सापाचा रिपोर्ट मीच फळ्यावर लिहून दिला होता. परीक्षेत नेमकं आलं, 'शिफ्टमधली एखादी घटना लिहा.'

"सरळ कॉपी आहे," साहेब म्हणाले. "सगळे नापास. पुन्हा बसता येणार नाही."

सातही जण उघड्या दारात उभे. त्यांतला शालिक सगळ्यात थोरला, बारा वर्षं हेल्परच. तो म्हणाला, "बाई, तुम्हीच तं म्हटलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही."

"अरे, पण साप तरी बदलायचा ना गा."

"काहून? चांगला पाठ होता तो."

मी साहेबांकडे वळले. "कॉपी नाही हो, ही माझी करणी. आत्ता या खोलीत काय झालं ते यांना लिहू द्या. हे काही मी पाठ करायला दिलेलं नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं."

लिहिलं बापड्यांनी. एकाने लिहिलं, साहेब रागावले. एकाने, चहा आला, कोणी प्यालं नाही. एकाने तर, बाई हसू दाबून राहिल्या. व्याकरणाचे हाल होते, पण सात माणसं, सात रिपोर्ट. साहेब वाचता वाचता सैल होत गेले. शेवटी शालिकचा कागद. साहेबांनी तो मोठ्याने, मराठी करून वाचला.

"बाईंना घाम आला आहे. पंखा सोमवारपासून बंद आहे. लॉगबुकात कोणी लिहिलं नाही. खोली तपासली. साप सापडला नाही."

साहेबांनी वर पाहिलं. पंखा खरंच बंद. मग ते जे हसायला लागले, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मला तर खुर्ची धरावी लागली. शालिक तेवढा गंभीर उभा.

सातही पास झाले. पंखा त्यानंतर आठ दिवसांनी सुरू झाला.

तेव्हापासून मी फळ्यावर नमुना लिहायची, एकदा वाचून दाखवायची आणि कोणी वहीत उतरवायच्या आत पुसून टाकायची.