शुक्रवारची साफसफाई

लोहाऱ्याच्या कॉलेजातल्या लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरना मी सांगून ठेवलं होतं, की चालू झाल्याबरोबर सगळं विसरायचं. आणि मग मी असं सांगितलंय, हे मीच विसरून गेलो.

मी आमच्या शिक्षणसंस्थेचा सिस्टिम अ‍ॅडमिन. संस्थेचं नाव सांगत नाही, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. मुख्य ऑफिस धाराशिवला. कॉलेजं भूम, तुळजापूर, लोहारा अशी विखुरलेली. सगळ्या लॅब एका सर्व्हरवरून सांभाळायच्या, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात मी त्या एसटीनं सांभाळतो.

दिवाळीच्या आधी लोहाऱ्याच्या प्राचार्यांचा फोन आला.

"जाधव, पोरं म्हणतात सी ड्राईव्ह लाल झालाय. लाल म्हणजे चांगलं का वाईट?"

"वाईट, सर."

"मग या."

लाल होण्याचं कारण साधं होतं. कॉम्प्युटरवर कुणी पहिल्यांदा लॉगिन केलं, की मशीन त्या माणसाच्या नावानं एक खोली काढून देतं. तिला आम्ही प्रोफाइल म्हणतो. त्याच्या फाइली, त्याचा वॉलपेपर, त्याचा कीबोर्ड, सगळं त्या खोलीत. लॅबमध्ये दरवर्षी नवी पोरं येतात. जुनी पोरं जातात, पण खोल्या राहतात. अशा खोल्यांनी डिस्क भरली होती.

मी एक स्टार्टअप स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे मशीन उठल्या उठल्या, कुणी लॉगिन करायच्या आधी, त्यानं आपणहून काय काय करायचं ते लिहून ठेवायचं. मी लिहिलं: अ‍ॅडमिनची सोडून सगळ्यांची प्रोफाइल पुसून टाक. सर्व्हरवर चढवली, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू. मग एक मशीन शट डाऊन करून चालू केलं. काही पुसलं नाही. परत शट डाऊन, परत चालू. खोल्या जिथल्या तिथं. स्क्रिप्ट चालत नाही, असा मी निकाल दिला. तोवर धाराशिवच्या गाडीची वेळ झाली होती. जुनी प्रोफाइल हातानंच उडवली, प्राचार्यांना डिस्कचा निळा रंग दाखवला आणि स्टँडकडं पळालो. स्क्रिप्ट राहिली सर्व्हरवर. म्हटलं, नंतर बघू.

आता बिराजदारताईंबद्दल सांगायला पाहिजे.

महानंदाताई बिराजदार. यांचे यजमान लोहाऱ्याला आमच्याच संस्थेच्या शाळेत क्लार्क होते. ते गेले आणि त्यांच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर ताईंना घेतलं. अट अशी, की ठरल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. नाही झालं तर नोकरी जाते. घरात सासू आणि शाळेत जाणाऱ्या दोन पोरी. ताई दोनदा परीक्षेला बसल्या आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकल्या. मुदतीतली आता ही शेवटची. खाजगी क्लास परवडत नव्हता, म्हणून शाळा सुटली की त्या कॉलेजच्या लॅबमध्ये येऊन सराव करायच्या. परीक्षेचं सेंटरही याच लॅबमध्ये होतं.

मराठी टायपिंगचे कीबोर्ड अनेक तऱ्हेचे असतात. ताई शिकलेल्या जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीच्या. आमच्या मशीनवर मुळात असते ती सरकारी इनस्क्रिप्ट पद्धत. कळा त्याच, अक्षरं वेगळी. जुन्या पद्धतीनं 'पगार' टाईप करा आणि मशीन इनस्क्रिप्टवर असेल, तर स्क्रीनवर उमटतं 'गंकर'. खोटं वाटत असेल तर करून बघा. म्हणून ताईंच्या प्रोफाइलमध्ये गफूरभाईंनी जुनी पद्धत बसवून दिली. गफूरभाई आमचे लॅब अटेंडंट. रोज संध्याकाळी प्रत्येक मशीन रीतसर शट डाऊन करतील, वर कपडा टाकतील, मगच घरी जातील.

दिवाळीची सुट्टी संपली आणि फोन सुरू झाले. ताईंचं पगारचं गंकर होतंय. गफूरभाई परत बसवून द्यायचे, आठवडाभर ठीक चालायचं, की पुन्हा गंकर. डेस्कटॉपवर ठेवलेले सरावाचे उतारे पण गायब.

मी सोमवारी गेलो. ताईंचं मशीन बंद केलं, चालू केलं. पगारचं पगारच आलं. ताई शेजारी अंग चोरून उभ्या होत्या. मी खुर्चीत मागं रेलून, आमच्या धंद्यात हजार वेळा वापरलेलं वाक्य बोललो.

"ताई, तुमच्याकडून चुकून काहीतरी दाबलं जातंय."

त्यांनी मान डोलावली. असंल सर, म्हणाल्या.

पुढच्या खेपेला मी व्हायरस शोधला. सापडला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला धाराशिवहून नवा कीबोर्ड मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरनं त्याला लगेज लावायचं का, असा विचार करून बघितला. नवा कीबोर्डही आठवडाभरात गंकर म्हणाला. ताईंचं मशीन बदलून दिलं. तेच. इतर पोरांची मात्र काही तक्रार नव्हती. पोरांची प्रोफाइलंही पुसली जात होती, पण पोरं सगळं मोबाइलवर ठेवतात, लॅबमध्ये त्यांचं हरवायला काही नसतंच.

गफूरभाईंच्या एक लक्षात आलं होतं, की हे नेहमी शुक्रवारनंतरच होतं. त्याचा अर्थ त्यांनी स्वतःवर ओढून घेतला. शुक्रवारी दुपारी ते नमाजला जातात. तेवढ्यात पोरं येऊन काहीतरी छेडखानी करत असतील, माझीच गलती साब, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावलं, की कॉम्प्युटरला वार कळत नाहीत. तर ताईंनी दोष आपल्या बोटांना दिला, गफूरभाईंनी आपल्या गैरहजेरीला, प्राचार्यांनी लाईटला. सगळ्यांना निर्दोष सोडून देण्याइतका मी मोठ्या मनाचा होतो. स्वतःला तर पहिल्याच दिवशी सोडलं होतं.

परीक्षा शनिवारी होती. सेंटरची तयारी करायला मी आदल्या दिवशी लोहाऱ्याला पोचलो. म्हणजे शुक्रवारी. इतक्या दिवसांत शुक्रवारी मी पहिल्यांदाच तिथं होतो.

दहाच्या सुमाराला लाईट गेली. आमच्या भागात शुक्रवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. एरवी थोडा वेळ लाईट गेली तर इन्व्हर्टर सांभाळून घेतो. शुक्रवारी मात्र तो दम असेपर्यंत ओढतो आणि मान टाकतो. सगळी मशीनं चालू होती ती एकदम गपकन मेली. दुपारी लाईट आली. गफूरभाईंनी सगळी परत चालू केली.

शाळा सुटल्यावर ताई आल्या. लॉगिन केलं. स्क्रीनवर एक शब्द आला: हाय. मग खाली, आम्ही तुमच्यासाठी तयारी करत आहोत, अशा अर्थाची ओळ. मग कोरा डेस्कटॉप. ताईंनी टाईप केलं. गंकर.

त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"सर, म्या उद्या बसत न्हाय."

"अहो, असं कसं?"

"माझा हात लागला की बिघडतंय. घरी लाईटची कळ दाबतानाबी भ्या वाटाय लागलंय. उद्या समद्यांच्या मशीनी बिघडल्या म्हंजे? दुसऱ्यांचं नुकसान कशाला."

रडल्या नाहीत. नुसतं हिशेब मिटल्यासारखं सांगितलं. उद्या बसल्या नाहीत तर नोकरी गेली, हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी त्या 'हाय'कडं बघत होतो. कारण विंडोज असं 'हाय' फक्त अनोळखी माणसाला म्हणतं. खोली नव्यानं काढताना. पण ताई तर इथं रोज येत होत्या. म्हणजे त्यांची जुनी खोली बिघडलेली नव्हती. ती कुणीतरी पाडली होती. दाबून पडत नाही खोली, कितीही चुकीची कळ दाबा.

मी मशीनची नोंदवही उघडली. चालू झाल्या झाल्या एक स्क्रिप्ट चाललेली. सर्व्हरवर जाऊन ती उघडली. पहिल्याच ओळीत इंग्रजीत मजकूर होता, की ही स्क्रिप्ट जाधव सरांनी बनवलेली असून तिला कुणीही हात लावू नये.

हल्लीचं विंडोज शट डाऊन म्हटलं तरी पुरतं बंद होत नाही. सकाळी लवकर चालू व्हावं म्हणून ते अर्धवट जागं राहून झोपतं. बटण दाबलं, की उठत नाही, नुसते डोळे उघडतं. त्यामुळं उठल्या उठल्या करायच्या कामांना ते हात घालत नाही. खरं उठणं दोन वेळा होतं: तुम्ही रीस्टार्ट केलंत तर, किंवा झोपायला वेळच न देता लाईट गेली तर. दिवाळीआधी मी शट डाऊन करून बघितलं आणि स्क्रिप्ट मेली समजलो. गफूरभाई रोज नेमानं शट डाऊन करायचे, म्हणून ती आठवडाभर पडून राहायची. शुक्रवारी इन्व्हर्टरनं मान टाकली, की ती उठायची आणि माझा हुकूम इमानानं पाळायची.

तेवढ्यात प्राचार्य दारातून डोकावले.

"सापडलं का? लाईटचाच प्रॉब्लेम ना?"

"लाईटचा संबंध आहे, सर," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ते समाधानानं निघून गेले. मलाही तिथंच थांबता आलं असतं. लाईटवर ढकललेलं कुणी परत आणून देत नाही. पण ताई पर्स उचलून उभ्या राहिल्या होत्या, आणि लाईटचं कारण त्यांनी आधीच ऐकून सोडून दिलेलं होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली.

"ताई, हे तुमचं सगळं पुसत होतं. आणि हे मी लिहिलंय. हे बघा, नाव."

त्यांनी वाकून नाव वाचलं.

"म्हंजे माझ्या हातानं न्हाय?"

"नाही."

"एकदाबी न्हाय?"

"एकदाबी न्हाय."

गफूरभाई मागं उभे होते. ते कपडा घेऊन उगाचच एक मशीन पुसायला लागले. नमाजच्या वेळेचं ओझं उतरलेला माणूस पाठमोराही कळतो.

ताई परत खुर्चीत बसल्या. "मग करा नीट," म्हणाल्या. "म्या बसते."

मी स्क्रिप्ट उडवली. मशीनचं ते अर्धवट झोपणं बंद केलं. आता फक्त एक काम राहिलं होतं. परीक्षेला सगळ्यांना नवी लॉगिन मिळणार, म्हणजे नव्या खोल्या. प्रत्येक नवी खोली एका नमुन्यावरून बांधली जाते, त्याला डिफॉल्ट प्रोफाइल म्हणतात. उमेदवार सगळे जुन्या पद्धतीचेच. त्या नमुन्यातच तो कीबोर्ड बसवून दिला, की उद्या कुणाचंच गंकर होणार नाही. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये कीबोर्ड नीट बसवलेला होता. मी तेच उचलून नमुना म्हणून सगळ्या मशीनवर ठेवलं. या वेळी रीस्टार्ट करून तपासलं. कीबोर्ड बरोबर येत होता. त्या आनंदात मी बाकी स्क्रीनकडं बघितलं नाही.

शनिवारी सकाळी उमेदवारांनी लॉगिन केलं आणि लॅबमध्ये खसखस पिकली. प्रत्येक स्क्रीनवर मी होतो. नळदुर्गच्या किल्ल्यात, धबधब्यापुढं, काळा गॉगल लावून, दोन्ही हात पसरून.

बाहेरून आलेले सुपरवायझर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेले. सगळीकडं मीच.

"हे उमेदवार आहेत?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साब," गफूरभाई म्हणाले. "हे आमचे जाधव सर."

"मग प्रत्येक मशीनवर कसे काय बसलेत?"

परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मी त्याच्यामागं झाकला गेलो. व्हरांड्यात उभा राहून कळांचा आवाज ऐकत राहिलो. त्यात ताईंचा कोणता, ते कळत नव्हतं. वेळ संपल्यावर त्या बाहेर आल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, की फोटो बघून लई हसू आलं, आणि हसणाऱ्या माणसाची बोटं कडक राहत न्हाईत.

ताई पास झाल्या. नोकरी राहिली. त्यांनी कुंथलगिरीचे पेढे आणले. आधी गफूरभाईंना दिले, मग प्राचार्यांना, मग मला.

यातून मी एक शिकलो. चालली नाही म्हणून स्क्रिप्ट कधी तशीच सोडायची नाही. ती चालत नसते असं नाही, आपण बघत असतो तेव्हा चालत नसते. आता मी कुठलंही काम रीस्टार्ट करून तपासतो आणि वॉलपेपर म्हणून साधा निळा रंग ठेवतो.

परवा शाळेच्या ऑफिसात एक प्रिंटर जोडायला गेलो होतो. ताईंचं आता स्वतःचं टेबल आहे, स्वतःचं मशीन आहे. भराभर पगारपत्रक टाईप करत होत्या. मी सवयीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या माऊसकडं हात नेला. त्यांनी माऊस उचलून आपल्याकडं घेतला.

"तिथूनच सांगा, सर," म्हणाल्या. "तुमचा हात लागला की बिघडतंय."