साबीच्या आधी

पहिली सेमिस्टर संपवून लेक ॲन आर्बरहून आली. विमानतळावरून बॉथेलला घरी येताना गाडीत नुसतं तिचं जपानी गाणं चालू. माझा पारा चढत होता. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हे ध्रुवपद का गं?"

"नो आई, हा ए-मेरो. मग बी-मेरो. साबी त्यानंतर."

साबी म्हणजे आपलं ध्रुवपद. जपानी पोरं बोलताना असंच म्हणतात म्हणे. पण त्यांच्याकडे बहुतेकदा आधी ए-मेरो, बी-मेरो अशा दोन चाली होतात, मग ते येतं. मला काही हे पटेना. आपल्याकडे ध्रुवपद आधी. माणसानंही मुद्द्याचं आधी बोलावं.

तेवढ्यात तिनं गाणं बंद केलं. रूममेटबद्दल बोलली, मग तिथल्या थंडीबद्दल, डायनिंग हॉलमधल्या जेवणाबद्दल. आवाज मात्र कापत होता. 'मुद्द्याचं बोल' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले.

"आई, प्लीज, मध्ये बोलू नको ना," ती म्हणाली. "धिस इज स्टिल बी-मेरो."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. हायवेवरून घराकडे वळायची आमची एक्झिट आली. मी ती जाऊ दिली.