पंधरा रात्रींचा नियम

मानवशास्त्राच्या वर्गात मी एक व्याख्या घोकली होती: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. घरोघरच्या कुटुंबांच्या सर्वेसाठी हातात टॅब आला, तर त्यात चूलच नव्हती. गेल्या महिन्यात पंधरा रात्री घरी झोपला तो घरचा, बाकीचे बाद. दुष्काळाचं वर्ष होतं आणि मला तलवाड्याजवळचं माझंच गाव मिळालं होतं. पहिला फॉर्म आपल्याच घरचा भरू म्हटलं, हात बसेल.

आई भाकरी थापत होती. तिचं नाव पटकन गेलं. वडिलांच्या नावापाशी टॅब अडला. चार महिने ते दूध सोसायटीच्या चारा छावणीत बैलांजवळ राहत होते. जनावरांसोबत मालकानं थांबायचं, असा सोसायटीचा ठराव. तिथं बैलांच्या कानातले बिल्ले रोज संध्याकाळी मोबाइलवर स्कॅन व्हायचे. म्हणजे बैलांची हजेरी पक्की आणि माझा बाप कुठल्याच यंत्रात नाही! माझं डोकंच फिरलं. टॅब बाजेवर आपटला, पुन्हा उचलला, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

“काय झालं गं?” आईनं विचारलं.

“आबांचं नाव घेत न्हाई हे.”

“कावून? मंग ह्या भाकरी कुनाच्या हायेत?”

तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरींकडे बोट दाखवलं. रोज सकाळी सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोतून त्या छावणीत जायच्या. चूल एकच होती. मी सरळ खोटं लिहिलं: वडील, तीस रात्री. टॅबनं ते निमूट घेतलं. मला जराही लाज वाटली नाही.

“आता तुजं लिव,” आई म्हणाली.

पुण्याच्या होस्टेलवरून मी दिवाळीनंतर पहिल्यांदाच आले होते. बोट आकड्यांवर नेलं आणि ते तिथंच राहिलं. पाऊस पडला की वडील घरी येणारच होते. माझं तसं नव्हतं. मला पुण्यातच राहायचं होतं, कायमचं, आणि हे मी घरात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

“लिव की. थांबलीस कावून?”

“नेट न्हाई, आई.”

या खोट्याची मात्र लाज वाटली. मी टॅब पिशवीत कोंबला. आईनं माझ्या वाटणीची भाकरी तव्यावर टाकली.